नळ बंद करणारं माणूस

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून तिथं बदली झाली. दुष्काळ होता. एका रविवारी मॅटिनीला शेजारच्या खुर्चीत एक बाई येऊन बसली, मांडीवर रिकामी घागर. टँकर आलाच नाही म्हणून रांगेतून उठून थेट टॉकीजमध्ये आली होती.

पडद्यावरचा नायक असह्य होता. एकटा राहायचा, सगळ्यांवर संशय घ्यायचा, शेजाऱ्यांवर खेकसायचा आणि घडीघडी हात धुवायचा. धुतले की नळ तसाच सोडून निघून जायचा. इंटरव्हलपर्यंत निम्मं टॉकीज वैतागून घरी गेलं. बाई मात्र उठेना. नळ दिसला की घागरीवर थाप मारून ओरडायची, "बंद कर की रं, मुडद्या!"

मला सिनेमा समजून घ्यायचा होता, इथं संवादच ऐकू येईनात. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो बाई, त्याला मनाचा आजार आहे. सिनेमाच त्याच्यावर आहे. जरा गप बसा की!"

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "आजार हाय ते दिसलं की मला, दादा. पन त्येच्यामागं नळ बंद करायला घरात एक बी माणूस न्हाई. त्ये बघवंना मला."

मी तणतणतच खोलीवर आलो. पाणी आलं तर भरून राहावं म्हणून सकाळी नळ उघडा ठेवून, खाली बादली लावून गेलो होतो. कुलूप काढायच्या आधीच पायाला ओल लागली. पाणी आलं होतं, आणि बादली भरून उंबऱ्याखालून रस्त्यावर वाहत होतं.