सेल नसलेल्या मीटरची सुई

मी मूळचा इस्लापूरचा. नववीत शाळा सोडली, लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नव्हतो. कॅमेरे उघडून बसणारा माणूस मी... स्क्रू, तार, स्प्रिंग एवढंच खरं.

लातूरला गंजगोलाईच्या मागं एका गल्लीत चाचांचं जुने कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे. घर सोडून आलो तेव्हा त्यांनीच ठेवून घेतलं, काम शिकवलं, झोपायला पोटमाळा दिला. त्यांना 'जमलं नाही' म्हणायची मला आजही भीती वाटते. रागावतील म्हणून नाही — रागावणार नाहीत म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात निलंग्याहून एक ताई आल्या, वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, फिल्मचा कॅमेरा घेऊन. आप्पांचा तिथं स्टुडिओ होता. आता अंथरुणावर होते, अन् नातीचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढायचा म्हणून हट्ट धरून बसलेले. पण उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलत नव्हती.

"नजर मंदावली त्यांची, सुईबिगर अंदाज येत न्हाई. लई दिवस न्हाईत हो दादा," ताई म्हणाल्या.

या मीटरला बॅटरी नसते. काचेमागच्या सेलवर उजेड पडला की तोच करंट देतो. तो सेल मेलेला. मी तारा सोडवल्या, सेल काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसरा कुठंच मिळेना. ताईंचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं होतं... तोंडातून निघालं, "झालंच आहे, सुईचा आकडा तेवढा जुळवायचा राहिला."

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या एसटीनं ताई हजर! मी घाईनं झाकण बसवलं. आत सेल नाहीच.

चाचांची रीत अशी, की गिऱ्हाइकासमोर कॅमेरा अन् दुकानातला चांगला मीटर एकाच पांढऱ्या भिंतीकडं धरायचे. आकडे जुळले तरच माल द्यायचा. "दिखाव बेटा," चाचा म्हणाले. मी धरला. सुई पडलेलीच. आता सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं...

"आणा हिकडं. आप्पा असं न्हाईत धरत." ताईंनी कॅमेरा घेतला, छातीशी लावला.

सुई उठली.

चाचांनी दोन्ही आकडे बघितले. "बराबर!" ताईंनी काचेवर तळहात ठेवला, सुई खाली. काढला, परत वर.

"हाय की चालू! उगं तोंड पाडून बसलाय," ताई हसल्या. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद झालं आमचं पोरगं!" मी ड्रॉवर लोटून बंद केला.

काच घासली की तिच्यावर साचलेल्या विजेनं सुई कधीकधी उगीच थरथरते, हे मलाही माहीत आहे. पण थरथरणारी सुई भिंतीवरच्या उजेडाचा आकडा बरोबर सांगत नाही.

पुढं ताई पुन्हा आल्या, आप्पांचे दिवस उरकून, हातात त्यांनी काढलेला नातीचा फोटो. उजेड अगदी नेमका. "शेवटपर्यंत दुवा देत होते तुम्हाला," म्हणाल्या.

चाचांनी तो फोटो फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलाय. येईल त्याला सांगतात, मीटर आमच्या पोरानं बनवला. सेल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मधूनच उन्हात धरून तपासतो — शून्य. सुई कशानं उठली ते मला आजही कळलेलं नाही. चाचांना सांगायचं ठरवतो, फोटोकडं नजर जाते... अन् कुणाच्या तरी वाट्याची दुवा अंगावर घेऊन परत कामाला बसतो.