मोहरीचा पाला

मुलुंडला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागची जागा आमच्या कॉलेजला प्रयोगासाठी मिळाली होती. तिथे पूर्वी नळांना मुलामा द्यायचे. कारखाना गेला, पण त्याच्या सांडपाण्यातलं निकेल, जस्त आणि कॅडमियम मातीत मुरून राहिलं. त्या मातीत आम्ही मोहरी पेरायचो. मोहरी मुळांनी धातू ओढून पानांत साठवते. ती पानं कापायची, वाळवायची, जाळायची आणि राखेतून आम्लाने धातू परत काढायचा. मी तिथे प्रयोगशाळा सहायक. कुणी कामाबद्दल विचारलं की मी अर्धा तास सोडायचे नाही.

त्या आठवड्यात पानं वाळवायचं यंत्र बिघडलं. सर म्हणाले, दोन दिवस थांबू. मला कुठला धीर! पानं कुजतील म्हणून अर्धी मी पिशवीत भरून घरी आणली, सकाळी गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरली आणि कामाला गेले. आईला काही सांगितलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

आई मालवणकडची. हिरवा पाला दिसला की तिचे हात शिवशिवतात. संध्याकाळी दार उघडलं तर घरभर ओल्या खोबऱ्याचा वास, आणि गॅलरीतला कागद अर्धा मोकळा.

"इतको बरो पालो उन्हात कित्याक सुकवतंस गो?" आई म्हणाली. "मुगाची डाळ घालून भाजी केलंय. झकास झाली."

ती स्वतः दोन वेळा वाढून घेऊन जेवली होती. आणि समोरच्या काकूंची वाटी आमच्याकडे होती. आदल्या दिवशी त्यांनी त्यांच्या नागपुरी पद्धतीचं वड्यांचं कालवण दिलं होतं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आईचा नेम. ती भाजीने भरून गेली. काकूंच्या सुनेला सातवा महिना होता.

मी धावत समोर गेले. सून हसतच म्हणाली, "ताई, आठ दिवसांनी आज तोंडाला चव आली. सगळी मीच खाल्ली."

मी म्हटलं, "त्या पाल्यावर औषध मारलं होतं म्हणे, जरा डॉक्टरांना दाखव." खरं सांगायची हिंमत झाली नाही. घरी येऊन, त्या औषधाने मळमळ होईल असं निमित्त करून आईला जवळच्या दवाखान्यात नेलं. काकूही सुनेला घेऊन गेल्या. डॉक्टरांना सांगितलं फवारणीचं, त्यांनी तपासलं फवारणीचंच, आणि काही नाही म्हणून परत पाठवलं.

चार दिवसांनी कॉलेजात ठेवलेल्या उरलेल्या पानांची राख झाली. आजवरच्या सगळ्या खेपांत धातू तिच्यात सर्वांत जास्त निघाला. सर टाळी देत म्हणाले, "अगं, कमाल झाली! पेढे कोण आणतंय?" मी बेसिनकडे जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. मला स्वतःची किळस आली होती.

त्याच संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. चपला घालत म्हणाल्या, "चल मग. त्या धातूंची नावं डॉक्टरला तूच सांग, आम्हाला नाही यायची." मी दोघींना, सुनेला आणि आईला, घेऊन गेले. डॉक्टरांनी दोघींचं रक्त घेतलं. एका जेवणाने बहुधा काही होणार नाही, म्हणाले. ते ‘बहुधा’ मी अजून ऐकते आहे. पुढे सुनेला मुलगी झाली, चांगली आहे. तरी तिला साधी सर्दी झाली की माझी झोप उडते.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून परतताना आई रिक्षात माझ्याशेजारी बसली होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "तुका म्हायत होता, मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

राहून गेलं, असं मी म्हणाले. ते खोटं होतं. तिला यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं. मी आणलेल्या पानांवर आईने विश्वास ठेवला, आणि मी तिला एका वाक्याच्याही लायकीची समजले नव्हते.