भाच्याचा पहिला मोठा सामना

मेव्हण्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे माझी बहीण मेलबर्नला गेली आणि तिकडचीच झाली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथलाच फुटबॉल खेळत वाढला. हा फुटबॉल वेगळाच. चेंडू लांबट, मैदानही लांबट, पास द्यायचा तो मुठीने ठोसा मारून नाहीतर लाथेने. अठराव्या वर्षी एका व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. संघ कुठला हवा ते खेळाडू ठरवत नाही, ज्याने निवडलं त्याच्याकडे जायचं. तो संघ विमानाने चार तास लांबच्या शहरातला निघाला. बहीण फोनवर आनंदाने सांगत होती आणि मधेच विमानाच्या तिकिटांचे भाव मोजत होती.

वडील तेव्हा शनिवार पेठ सोडून माझ्याकडे वाघोलीला राहायला आले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, नातवाच्या खेळाचे नियम रीतसर समजून घेतले. चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतो हे कळल्यावर म्हणाले, "नेम चुकला तरी गुण? मग आमचं खातं हेच खेळत होतं."

पहिलं वर्ष तो दुय्यम संघातच होता. फोनवर विचारलं की "मी छान आहे, मामा" एवढंच, पाठ केल्यासारखं.

दुसऱ्या वर्षी मुख्य संघात बोलावणं आलं. सामना नेमका मेलबर्नलाच होता. तिकडची शनिवारची दुपार म्हणजे आपली नाश्त्याची वेळ. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बराच वेळ त्याला बाकावरच ठेवलं होतं. मग आत घेतलं, आणि त्याने, या खेळात चालतं तसं, दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून असा काही उंच उडून चेंडू झेलला की वडील चक्क उठून उभे राहिले.

थोड्याच वेळात तो पळता पळता वळला आणि पडला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. कॅमेरा चेंडूबरोबर दुसऱ्या टोकाला गेला. आम्ही पडद्यावर त्याला शोधत राहिलो.

"त्याला दाखवा ना," वडील टीव्हीला म्हणाले.

मी बहिणीला फोन लावत राहिलो. ती उचलत नव्हती. नंतर कळलं, ती प्रेक्षकांत होती, खाली जाऊ द्या म्हणून विनवत होती, आणि तिलाही कुणी सोडत नव्हतं.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. मी खराडीच्या ऑफिसात बसून गुडघ्यांबद्दल वाचायचो, त्याला दुवे पाठवायचो. उत्तरादाखल अंगठा यायचा. पुन्हा पळायला लागला आणि सरावात तोच गुडघा पुन्हा गेला. हंगाम संपल्यावर प्रशिक्षकाने त्याला खोलीत बोलावून, अगदी सभ्यपणे, करार वाढवणार नसल्याचं सांगितलं.

मग तो आमच्याकडे आला. दिवसभर बाल्कनीत बसून खाली पार्किंगमध्ये चाललेलं मुलांचं क्रिकेट बघायचा. न राहवून मी त्याला माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फिल्म उजेडात धरून पाहिल्या. तिकडे काम उत्तम झालंय, म्हणाले, आता मी करण्यासारखं काही उरलेलं नाही.

परतताना नगर रोडला गाड्या तुंबल्या होत्या. तो समोर बघत त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "मामा, मला दुसरा काहीच येत नाही."

ऑफिसात नव्या मुलांना धीर देणं हे माझं रोजचंच काम. त्यातलं एकही वाक्य इथे चालणारं नव्हतं. समोरचा ट्रक हातभर सरकला, तशी मीही गाडी पुढे घेतली.

तो परत गेला. आता तिकडे वायरमनचं काम शिकतो. सामने बघत नाही. शनिवारी दुपारी गाडी घेऊन कुठेतरी निघून जातो, असं बहीण सांगते. फोन करशील तेव्हा गुडघ्याचं काढू नकोस, असं वडिलांनी मला बजावलंय. मी काढत नाही. आम्ही हवेबद्दल बोलतो. तिकडे थंडी, इकडे ऊन. तेवढं बोलून झालं की मी फोन वडिलांकडे देतो.