शुक्रवारच्या आत

सोनईच्या शांतवन अमोलिकच्या हातचं दार गावातल्या शंभरेक घरांना असेल, पण त्याला कुणी दारांसाठी ओळखत नाही. माणूस गेलं की ख्रिस्ती घरातला पहिला फोन चर्चच्या पाळकांना जातो आणि दुसरा शांतवनला. तो हातातलं काम टाकून त्या घरी जातो, टेपने माप घेतो, शेडमध्ये परत येऊन फळ्या कापतो आणि दिवस मावळायच्या आत पेटी तयार करतो. वरून काळं कापड, त्यावर पांढऱ्या फितीचा क्रूस. आतलं पांढरं अस्तर त्याची बायको रूथ शिवते. नगरच्या ज्या उस्तादाकडे तो हे काम शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की जित्या माणसाची पेटी करायची नाही, त्या कामासाठी रंध्यालाही हात लावायचा नाही. अडतीस वर्षं शांतवनने हे पाळलं. नगरला दुकानात तयार पेट्या मिळतात हे त्याला ठाऊक होतं, आणि कुणी तसं बोलून दाखवलं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

आता माणसं काही कॅलेंडर बघून मरत नाहीत. त्यामुळे शांतवन कधी दोन दिवस गाव सोडून गेला नाही, आणि तो नाही म्हणून रूथही नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं, तर शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी गेली. पुढे त्यांची एकुलती एक मुलगी कृपा सहावीत असताना तिघं अलिबागला निघाले. नगरच्या स्टँडवर उभे असताना चर्चच्या मंडळीतला एकजण मोटरसायकलवरून त्यांना शोधत आला. ‘तुमी व्हा पुढं, मी उद्या येतो,’ असं म्हणून शांतवन त्याच्या मागे बसून गेला. रूथ पोरीला घेऊन संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसली, डब्यातल्या दशम्या तिथंच खाल्ल्या आणि सोनईच्या गाडीने परत आली. आल्यावर तिने मुकाट्याने अस्तर शिवायला घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं कृपा अजून म्हणते. त्यानंतर रूथने कुठे जायचं नाव काढलं नाही. साठी उलटली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. नेवाशाकडे जाताना जायकवाडीचं पाणी दिसलं की ती एवढंच विचारायची, “याच्यापेक्षा मोठा असतो का?”

कृपा आता पुण्यात नोकरीला आहे. यंदा तिने विचारण्याच्या भानगडीत न पडता सगळं ठरवूनच टाकलं. तुर्कस्तानात समुद्रकाठी कुशादासी नावाचं गाव आहे, तिथे सहा रात्री, खिडकीतून पाणी दिसेल असं हॉटेल, आणि मधला एक दिवस जवळच्या इफिसला. पासपोर्ट तिने मागच्याच वर्षी ‘असू द्या जवळ’ म्हणून काढून घेतले होते. ऑक्टोबरातला एक शुक्रवार ठरला. इफिस ऐकून शांतवन हो म्हणाला. बायबलातल्या पौलाने जिथे तीन वर्षं काढली ते गाव पायाखाली येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? रूथ मात्र समुद्र ऐकून हो म्हणाली.

मग घराला तयारीचा वास सुटला. रूथने शेंगदाण्याची चटणी कुटली, चिवडा केला. तिथे सगळं मिळतं, असं कृपा फोनवर म्हणाली, तर रूथ म्हणाली, “तिथलं तिथं. आपलं आपल्यापाशी असावं.” एकदा तिने लाजत लाजत विचारलं की पाण्यात उतरायचं तर बायका नेसतात काय. कृपाने सांगितल्यावर तिने सोनईच्या बाजारातून जन्मातला पहिला पंजाबी ड्रेस आणला आणि शांतवनला दिसू नये म्हणून पेटाऱ्याच्या तळाशी घातला. अर्थात त्याने तो पाहिला होता. पाहून पेटारा होता तसा लावून ठेवला होता.

त्याला दुसरीच काळजी खात होती. नऊ दिवस आपण नाही, तर मागे कोण? रस्त्यापलीकडे मच्छिंद्रचं फर्निचरचं दुकान आहे. शांतवनने त्याला विचारून पाहिलं. मच्छिंद्र म्हणाला, “दारं सांगा, पलंग सांगा. पण ते काम माझ्या हातनं व्हायचं न्हाई, काका.” आणि काळजी काही हवेतली नव्हती. अँड्र्यू मास्तर अंथरुणाला खिळले होते.

मास्तर एक्क्याऐंशीचे. शांतवन आणि रूथ दोघंही लहानपणी त्यांच्या रविवारच्या शाळेत बसलेले. पौलाच्या फेऱ्यांचा कापडी नकाशा भिंतीला टांगून मास्तर लिंबाच्या काडीने एकेक बंदर दाखवायचे. साऱ्या सोनईत इफिस नेमकं कुठे आहे हे सांगू शकेल असा तो एकच माणूस. आता दोन्ही मूत्रपिंडं थकली होती आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मुलगा बदलीच्या गावी, घरात सून एंजल सगळं करायची.

शांतवन बातमी सांगायला गेला तो दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. “सलाम, मास्तर,” म्हणून तो खाटेजवळ स्टुलावर बसला. ऐकून मास्तरांचा चेहरा उजळला.

“तिथं बंदर होतं,” ते म्हणाले. “गाळ साचला आणि समुद्र मागं सरकला. तू पाहशील ते. मी नुसतं काडीनं दाखवलं.”

एवढं बोलून ते दमले आणि त्यांनी डोळे मिटले. मास्तर सहा फुटांच्या वर उंच. पाय खाटेच्या बाहेर आले होते. शांतवनचं लक्ष त्या पायांकडे गेलं, आणि पुढे जे झालं ते त्याच्या हाताने केलं, त्याने नाही. खाटेच्या माच्यावरून त्याची वीत सरकू लागली. एक, दोन, तीन. आठ विती झाल्या आणि वर चार बोटं.

“किती भरलं?” मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

शांतवनने हात असा मागे घेतला की जणू विस्तवाला लागला. दारात एंजल चहाचा कप घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने कप खाली ठेवला.

“काका,” ती म्हणाली, “माणूस जिता हाय अजून.”

शांतवन चहा न पिता उठला. जन्मात त्याला इतकी लाज वाटली नव्हती. गावात अशी गोष्ट लपत नाही. दुसऱ्या दिवशी महिला संघाच्या बैठकीत रूथच्या कानावर ती आलीच. घरी येऊन तिने चिवड्याचा डबा फळीवर ठेवून दिला आणि म्हणाली, “कृपाला फोन करा. न्हाई जायचं आपल्याला.”

पण त्याच संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला, टेप घेऊन ये. शांतवन मान खाली घालून गेला. मास्तर म्हणाले, “विती काय मोजतोस अडाण्यासारखा? नीट माप घे. करून ठेव. एंजलला ऐनवेळी पळापळ नको आणि तुझं मन मोकळं होईल. तुझ्या हातची नसेल तर मला बरं वाटायचं नाही.” पुढे म्हणाले, “आणि रूथला घेऊन जा. त्या पोरीला तू लई बसवून ठेवलंस.”

गुरूची आज्ञा म्हणा किंवा स्वतःची सोय म्हणा, शांतवनने उस्तादाचा नियम मोडला. चांगली सागवानी फळी काढली. रूथ अस्तर शिवायला बसली, पण दोघं त्या दोन दिवसांत एकमेकांशी धड बोलली नाहीत. पेटी झाली. शेडच्या भिंतीला उभी करून वर ताडपत्री टाकली. आता जायला हरकत नव्हती. रूथने चिवड्याचा डबा पुन्हा खाली काढला.

आणि मग जे सुरू झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. सकाळी रूथ भाकरी थापताना मध्येच हात थांबवायची. मंडळीतलं कुणी गेलं की चर्चची घंटा होते, आणि घंटा झाली नाही की तिचे हात पुन्हा चालू लागायचे. शांतवन रोज येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, “मास्तर कसे हायत?” लोक म्हणायचे, “हायत तसेच.” लोकांना वाटायचं, केवढी माया. शांतवनला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं, आणि का वाटत नाही हे स्वतःलाही विचारायची त्याची छाती होत नव्हती.

शुक्रवारला दोन दिवस राहिले असताना एंजल शेडच्या दाराशी आली. खाटेपाशी झालेल्या त्या प्रसंगापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

“पप्पा काही खात न्हाईत,” ती म्हणाली. “चार दिवस झाले. दूध दिलं की माझी पाठ वळल्यावर खिडकीबाहेर ओततात. आज चादर बदलताना उशीखाली सगळ्या गोळ्या सापडल्या. का असं करता म्हणलं, तर बोलत न्हाईत. तुमी तरी इचारा.”

ती गेल्यावर शांतवन फळ्यांच्या थप्पीवर बसला. रूथ शेडमध्ये आली होती, तिनेही ऐकलं होतं. मग शांतवन म्हणाला, “रूथ, मी त्यांच्या मरायची वाट बघत हुतो. शुक्रवारच्या आत झालं तर बरं, आपल्या हातानं माती देऊन मोकळं जाता येईल, असं रोज मनात येत हुतं.”

रूथने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, “मी बी. घंटा ऐकत हुते.”

दोघं तशीच मास्तरांच्या घरी गेली. मास्तर चार दिवसांत निम्मे झाले होते. शांतवनने त्यांच्या पायाशी बसून, आडपडदा न ठेवता, बायकोला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मास्तरांना धक्का वगैरे काही बसला नाही.

“ठाऊक होतं मला,” ते म्हणाले. “म्हणूनच मीही घाई करतोय. पेटी तयार आहे, पोरीची गाडी तयार आहे. मीच तेवढा मागं राहिलोय. शुक्रवारच्या आत ने म्हणून रोज प्रार्थना करतोय, तर तो ऐकत नाही. मग म्हटलं आपणच थोडा हातभार लावावा.”

शांतवन ओक्साबोक्शी रडू लागला. रूथ रडली नाही. ती पुढे झाली आणि खाटेच्या कडेला बसली. आयुष्यात ती मास्तरांच्या बरोबरीला कधी बसली नव्हती.

“मास्तर,” ती म्हणाली, “नगरच्या स्टँडवर पोरीला घेऊन बसले हुते तवा मला त्या मेलेल्या माणसाचा राग आला हुता. मी देवाला म्हणले, मला माफ कर, मेलेल्या माणसाचा राग येतोय मला. इतक्या वर्षांत किती मेले आन् किती जणांचा राग आला, त्याची मोजदाद न्हाई. पण ते मेलेले हुते, त्यांना काय कळत हुतं? आता जित्या माणसाचा यायला लागला. माझ्यापायी तुमी उपाशी मेलात तर त्या समुद्राचं मी काय करू? तिथं बसून काय बघू?”

मास्तर अगदी हळू म्हणाले, “पोरी, चुकलं माझं.”

“तुमचं न्हाई चुकलं, आमचं चुकलं. आमी शुक्रवारी जाणार. तुमी मरा न्हाईतर जगा, आमी जाणार. ते तुमच्या हातात न्हाई आन् आमच्याबी हातात न्हाई.” मग तिने आत हाक मारली, “एंजल, पेज हाय का गं?”

एंजलने पेज आणली. रूथने वाटी हातात घेतली आणि चमचा पुढे केला. मास्तरांनी दोन क्षण तोंड उघडलं नाही. मग उघडलं. अर्धी वाटी गेली. एंजल दाराला टेकून उभी होती, तिने शांतवनकडे पाहिलं आणि म्हणाली, “बसा काका, चा टाकते.”

घरी आल्यावर शांतवन शेडमध्ये गेला. ताडपत्री काढली, पेटी आडवी घेतली. आधी रूथने घातलेले अस्तराचे टाके उसवले, कापडाची घडी केली. मग एकेक खिळा उपटून काढला. सागवानी फळ्या सुट्या झाल्या तशा त्याने चौकटीच्या लाकडात नेऊन लावल्या. रूथ दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, “मागं काही झालं तर?” त्याने पुढची फळी उचलली. पेटी उकलणं सोपं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर तोंडातून निघणं अवघड होतं, आणि ते त्या दिवशी निघालं नाही.

शुक्रवारी सकाळी कृपा गाडी घेऊन आली. सामान चढवलं, दाराला कुलूप लागलं. जाताना गाडी मास्तरांच्या घरापाशी थांबली. मास्तरांना झोप लागली होती, म्हणून कुणी आत गेलं नाही. एंजल बाहेर आली. मास्तरांनी सकाळी दूध घेतलं होतं, गोळ्याही घेतल्या होत्या, पण अंगावर सूज वाढली होती. डॉक्टर येऊन गेले होते. शांतवन गाडीतून उतरून तिच्याशी बोलत उभा राहिला.

“काका,” एंजल म्हणाली, “तुमी आठ-नऊ दिवस न्हाई. त्यात काही झालं तर मी काय करू?”

शांतवनने मास्तरांच्या बंद खिडकीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “नगरहून आणा. तिथं दुकानात तयार मिळते. उंच माणूस हाय म्हणून सांगा, देतात ते.” त्याने खिशातून कागद काढून दुकानाचा नंबर लिहून तिच्या हातात दिला. “माझी वाट बघू नका.”

गाडीत बसलेल्या रूथने ते ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून ती रडू लागली. शेजारी बसलेल्या कृपाला वाटलं, आई मास्तरांसाठी रडते आहे.