एका मिनिटात झोपणारा प्रिंटर

प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे बटणराव म्हणतात. येता-जाता रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद करायची त्यांना खोड आहे. एकदा लेखाविभागाच्या खोलीतला दिवा त्यांनी न बघताच मालवला, तेव्हा आतून आवाज आला, "बटणराव, मी अजून जिवंत आहे."

वय एक्कावन्न. त्यातली एकोणीस वर्षं प्रिंटरमधल्या एका रोलरमागे गेली. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरमध्ये शाई म्हणजे बारीक पूड असते. ती कागदावर पडते आणि तापलेल्या रोलरखालून गेली की वितळून चिकटते. प्रिंटरला लागणाऱ्या विजेतली बहुतेक हा रोलर तापवण्यात जाते. त्यातही निम्मी नुसती वाट बघण्यात, कारण कोणी काही छापत नसलं तरी रोलर गरमच बसून असतो. बटणरावांना हे बघवत नसे.

त्यांनी काढलेला उपाय साधा होता. काम संपलं की एका मिनिटात यंत्र झोपवायचं. पुढचं काम आलं की ते जागं होणार आणि अडतीस सेकंदांत तापणार. विजेच्या चाचणीचं वेळापत्रक ठरलेलं असतं: पंधरा-पंधरा मिनिटांनी ठरावीक पानं, मधे शांतता. त्या शांततेत यंत्र गाढ झोपायचं. जुनं मॉडेल आठवड्याला पावणेपाच युनिट खायचं, नवं दीड. यंत्रावर कमी विजेचा हिरवा शिक्का लागला. तीन वर्षांत तीस हजार यंत्रं विकली गेली. किती टन कार्बन हवेत जायचा वाचला याचा तक्ता दरवर्षी कंपनीच्या अहवालात छापला जायचा, आणि तो बटणराव स्वतः मांडायचे.

त्यांची थोरली बहीण एका नोंदणी कार्यालयात कारकून आहे. गेल्या वर्षी तिच्या घराची किल्ली द्यायला ते तिथे गेले. खिडकीजवळ त्यांचंच यंत्र होतं. वरचं झाकण अर्धवट उघडं, आणि फटीत एक लाकडी पट्टी अडकवलेली.

"ताई, हे काय?"

"हे होय? तुझं यंत्र झोपाळू आहे रे. समोर माणूस उभा असतो, दाखला मागतो, आणि हे जांभया देत बसतं. झाकण उघडं असलं की त्याला वाटतं, कोणीतरी झेरॉक्सला कागद ठेवतंय. मग जागं राहतं."

"संध्याकाळी काढता ना पट्टी?"

"कोण काढतंय? तीही आता यंत्राचाच भाग झाली." मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चेहरा का पाडलास? सगळ्याच ऑफिसात असं करतात. आम्ही काही एकटे शहाणे नाही."

बटणरावांना धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही, आणि परतीच्या वाटेवर त्यांना त्याचंच जास्त लागलं. कारण त्यांना हे आधी सांगितलेलं होतं. विक्रीपूर्वी सहा कचेऱ्यांत यंत्रं वापरून बघायला दिली होती. तिथे दुरुस्तीला जाणाऱ्या बाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली होती: लोक अडतीस सेकंद थांबत नाहीत, झाकण उघडं ठेवतात, यंत्र रात्रंदिवस तापलेलं असतं. बटणराव तेव्हा म्हणाले होते, "होईल सवय." उघड्या झाकणानेही यंत्र झोपवायचं तर प्रोग्राम पुन्हा लिहायला हवा होता, चाचणी पुन्हा करायला हवी होती. चाचणीच्या वेळापत्रकात झाकण बंदच असतं. चिठ्ठी फाइलला लागली आणि फाइल कपाटात गेली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ताईच्या ऑफिसात यंत्राच्या प्लगला मीटर लावला. सात दिवसांनी आकडा बघितला. तेरा युनिट. ज्या जुन्या मॉडेलची त्यांना चीड यायची, त्याच्या अडीचपटीहून जास्त; ते उशिरा का होईना, रात्री तरी झोपायचं. आणखी अकरा ऑफिसांत मीटर लावले. सात ठिकाणी झाकण उघडं निघालं.

त्याच महिन्यात पुढचं नवं मॉडेल कारखान्यात जायचं होतं. झोपेचा प्रोग्राम तोच, आणि मंजुरीच्या कागदावर सही बटणरावांची. त्यांनी सही केली नाही. बैठकीत बारा ऑफिसांचे आकडे मांडले.

विभागप्रमुख बाई कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी आकडे दोनदा वाचले. "म्हणजे आपला तक्ता खोटा आहे."

"हो."

"नवं मॉडेल थांबवा. विकलेल्या यंत्रांना नवा प्रोग्राम पाठवा." मग बाकीच्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "बघा. स्वतःच्या कामाची उलटतपासणी करणारा माणूस असा असतो. शिका काहीतरी."

टेबलावर दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. बटणरावांनी समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यायले. चिठ्ठीबद्दल बोलायची ती वेळ होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ते दुरुस्ती विभागात गेले. चिठ्ठीवाल्या बाई एका उघड्या यंत्रात कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक चिठ्ठी दिली होती. झाकणाबद्दल."

"दिली असेल. मी रोजच काहीतरी लिहून देते. वाचतंय कोण?"

"मी वाचली होती."

बाईंनी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला. "वाचली होती, आणि?"

"आणि ठेवून दिली."

"असं." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "मग आता मला कशाला सांगताय? मी काय करू, माफ करू? माझी वीज गेली का?"

बाई पुन्हा यंत्राकडे वळल्या. "ज्यांनी काल पाठ थोपटली, त्यांना जाऊन सांगा. इथे सगळ्यांना कळलंय तुमचं कौतुक."

दुपारी त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि चिठ्ठी विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी तारीख पाहिली. मग कोपऱ्यातलं "पाहिले" आणि त्याखालची सही पाहिली.

"कालच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कौतुक करत होतात."

"ते ऐकायला बरं वाटलं?"

"हो," बटणराव म्हणाले.

बाईंनी चिठ्ठी अहवालाला जोडली. चाचणीच्या मंजुरीचा अधिकार बटणरावांकडून काढून घेतला आणि यापुढे नव्या मॉडेलवर दुरुस्ती विभागाचीही सही लागेल, असा आदेश काढला. त्यांनी हरकत घेतली नाही. विकलेल्या यंत्रांना नवा प्रोग्राम पोचवायचं काम त्यांनी मागून घेतलं. आजवर एकोणीस हजार यंत्रं झाली आहेत. यंदाच्या अहवालासाठी त्यांनी तक्ता पुन्हा मांडला. वाचलेल्या कार्बनच्या रकान्यात तिन्ही वर्षांसमोर उणे चिन्ह आहे. तेवढं पान नको, असं छपाईच्या आधी कोणीतरी सुचवलं होतं. बटणराव ते पान छापून हातात पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.