ब्रेकखालचा चुरा

गुडघ्याची गादी झिजल्यापासून ॲक्सिलरेटरवर पाय धरून ठेवणं माझ्या जिवावर येतं. गावातल्या गावात ठीक आहे, पण यवतमाळला बहिणीकडे जायचं तर देवळीपासून पुढे सरळसोट रस्ता. तिथे मला आधार आमच्या जुन्या गाडीतल्या क्रूझ कंट्रोलचा. बटण दाबलं की गाडी आपला वेग आपण धरते, पाय मोकळा. यंदा दिवाळीनंतर मेलं तेच बंद पडलं.

नालवाडीच्या गॅरेजवाल्यानं फ्यूज पाहिला, स्टिअरिंगवरची बटणं पाहिली आणि हात झटकले. "काकू, जुनं मॉडेल हाय. पार्ट भेटत नाई." माझ्या नवऱ्याला आयतंच फावलं. "विकून टाकतो माही गाडी. तुले जायचं राह्यलं तं बस हायेच." लगेच रविवारी गिऱ्हाईकही बोलावलं. बसच्या पायऱ्या ह्यांनी माझे गुडघे घेऊन चढून पाहाव्यात.

शनिवारी संध्याकाळी गाडी आत लावली, किल्ली काढून उतरले, तर मागची भिंत लाल दिसली. ब्रेकचे दिवे लागलेले. ब्रेकवर तर कोणाचाच पाय नव्हता. म्हटलं, हिला वाटतंय मी ब्रेक दाबून राह्यली, मग ही वेग कशी धरणार? गुडघा नको म्हणत होता, तरी वाकून टॉर्चनं पाहिलं. ब्रेकवर पाय नसला की पॅडलवरचं एक रबरी बटण मागच्या स्विचला दाबून धरतं, म्हणून दिवे बंद राहतात. ते वाळून त्याचा चुरा झाला होता. हाच चुरा मी रोज मॅटवरून झाडायचे आणि ह्यांच्यावर डाफरायचे, "गाडीत बिस्किटं काऊन खाता?" बिचारे खात नव्हते. गादी गाडीचीही झिजली होती.

रविवारी सकाळी गॅरेजवाल्याला चुरा दाखवला, तर त्यानं कुठल्याही गाडीला चालणारं नवं बटण बसवलं. ह्यांना शेजारी बसवून मी गाडी काढली. देवळी मागे पडल्यावर क्रूझ लावलं, पाय हळूच खाली ठेवला. गाडी तशीच चालत राहिली. माझे डोळे भरून आले. ह्यांनी ते पाहिलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं, घरी कधी येऊ म्हणून विचारत होतं.

"नाई बा, येऊ नका," हे म्हणाले. "गाडी माही नाई, बायकोची हाय. तिले इचारलंच नोतं म्या."