सरासरी छत्तीस अंश

दुपारी दोन वाजता, बाहेर शेहेचाळीस अंश असताना, बंद लोखंडी नळकांड्यातली शिडी चढून ऐंशी मीटर वर गेलाय का तुम्ही कधी? नाही ना? मीही नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहितोय, तोही नाही. पण ती शिडी माणसांनी कधी चढायची, हे ड्युसेलडॉर्फमधल्या त्याच्या टेबलावरून ठरतं.

हृषिकेश म्हणूया त्याला. इथलं एकही नाव खरं नाही, खरी छापली तर पोरगं रस्त्यावर येईल. वय चौतीस, मूळ गाव माणदेशात, वडील वीज मंडळात वायरमन. हवामानशास्त्रातली डॉक्टरेट इथेच केली आणि दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी नऊ माणसांच्या एका कंपनीत चिकटला. कंपनीचा धंदा सरळ आहे. बांधकामवाल्यांना येणाऱ्या मोसमाचा अंदाज विकायचा. ह्याच्या वाट्याला वाळवंटं आली. "तुला गरम देशातलं कळतं," असं बॉस पहिल्याच दिवशी म्हणाला. हा ऑक्टोबरपासून दोन-दोन मोजे घालून कुडकुडतो, पण पासपोर्ट गरम देशाचा ना!

गेल्या मार्चमध्ये त्याने जैसलमेरच्या पश्चिमेकडच्या पट्ट्याचा उन्हाळ्याचा अंदाज तयार केला. तिथे पवनचक्क्या उभ्या राहताहेत. अंदाज साधा होता. यंदा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक, मे-जूनमध्ये बरेच दिवस पारा पंचेचाळीसच्या वर, आणि दुपारी बारापासून वाऱ्याचा जोर. पहिल्याच पानावर त्याने दुपारचा तक्ता टाकला आणि खाली लिहिलं, बारा ते चार टॉवरमध्ये काम नको.

बॉस, टॉर्स्टन नावाचा, पान बघून म्हणाला, "फार भीतीदायक आहे. ह्याच्या जागी चोवीस तासांची सरासरी घे. दुपारचा तक्ता मागे, कोणी मागितला तर. आणि खाली तुझी सही."

चोवीस तासांची सरासरी म्हणजे छत्तीस. वाळवंटातल्या पहाटेचा गारवा दुपारच्या अंगावर शिंपडायचा आणि म्हणायचं, बघा, निवलं!

ह्यात गोम अशी की तो सरासरीचा रकाना हृषिकेशनेच बनवलेला होता. आदल्या वर्षी, एका वीज विकणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. वर्षभरात वीज किती निघेल हे काढायला सरासरीच लागते, तिथे तो रकाना बरोबरच होता. तोच टॉर्स्टनने उचलून माणसांच्या पानावर आणला. "तुझंच काम आहे, आल्झो, म्हणजे मग, चुकीचं कसं असेल?"

रविवारी सकाळी हृषिकेश माझ्याकडे आला. शहरातल्या ओबरबिल्क भागात, एका चहाच्या दुकानामागच्या खोलीत, अडलेल्यांना कायद्याचं सांगायला मी बसतो. मी वकील नाही. नोकरीवरून काढल्याचं माझं स्वतःचं पत्र डिक्शनरी घेऊन वाचलं, तिथून कायदा शिकलो. हृषिकेशसोबत बायको शुभा होती आणि पाच वर्षांची अन्वी, खुर्चीवर उलटी बसलेली.

"राजाभाऊ, सही करू का नको?" त्याने सरळ विचारलं.

"नको करू! त्याच्या तोंडावर फेक कागद."

"आणि मग?"

"मग काय मग? काढून टाकायला हा काय त्याच्या बापाचा देश आहे?"

"त्याच्याच बापाचा आहे, भाऊ," शुभा म्हणाली.

मला हसू आलं होतं, पण बाईचा चेहरा हसण्याचा नव्हता.

"कंपनीत माणसं किती?" मी विचारलं.

"नऊ."

झालं. नोकरीतून उगाच काढता येत नाही हा कायदा इथे आहे, पण दहापेक्षा जास्त माणसं असतील तिथे. नऊच्या कंपनीत नोटीस द्यायची, की माणूस बाहेर. ह्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायला सहा आठवडे उरलेले. आणि त्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं, की हा माणूस आमच्याकडे नोकरीत आहे आणि त्याला काढलेलं नाही. त्यावर सही कोणाची? टॉर्स्टनची.

"म्हणजे तू त्याला सही द्यायची, तर तो तुला देणार," मी म्हणालो.

"तो असं बोलला नाही."

"बोलेल कशाला? शहाणा आहे."

"दुसरी नोकरी बघ," असंही मी म्हणालो. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "बघतोच आहे. अकरा अर्ज केलेत. राजाभाऊ, तुमच्या खिशात लाल जर्मन पासपोर्ट आहे. फेक कागद, फेक कागद! तुम्ही फेकलात तर कागद पडतो. मी फेकला तर ही पडते." त्याने अन्वीकडे बोट केलं.

"पापा, विया गेहन येट्स्ट?" अन्वी म्हणाली. आता निघायचं का, असं.

"निघू या हं, बाळा."

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणून मी तांत्रिक प्रश्न विचारला. एवढा वारा असला तर काम आपोआप थांबत नाही का? क्रेन कशी चालेल?

"क्रेन थांबते," हृषिकेश म्हणाला. "तिथेच तर घात आहे. क्रेन थांबली की माणसं रिकामी. रिकामी कोण बसवतं? मग त्यांना टॉवरच्या आत पाठवतात, नट-बोल्ट आवळायला. आत वारा नाही. लोखंड सकाळपासून तापलेलं. म्हणजे बाहेर वारा जितका जास्त, तितकी भर दुपारची माणसं आत जास्त. माझे बाबा मे महिन्यात दुपारी खांबाला हात लावायचे नाहीत. साहेब ओरडला तरी नाही. सालटं निघतात. आणि ते उघड्यावर होते."

"मग हे सगळं लिही," शुभा म्हणाली. "सही करायची तर कर, पण लिहून ठेव. जर्मन माणूस तोंडाला भीत नाही, कागदाला भितो."

बाई बरोबर होती. इथे ऑफिसात आक्टननोटिझ नावाची चीज असते. फाईलला जोडायची तारखेसकट नोंद. तिथल्या तिथे आम्ही तिघांनी ती लिहिली. पहिल्या पानावरची सरासरी वीज मोजण्यासाठी आहे, कामाच्या वेळा ठरवण्यासाठी वापरू नये. दुपारचा तक्ता गिऱ्हाइकाला द्यावा. सोमवारी त्याने अंदाजावर सही केली आणि नोंद टॉर्स्टनच्या हातात दिली.

टॉर्स्टनने वाचली. रागावला नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर, छान लिहिलंयस," म्हणाला आणि फाईलला लावली. फाईल कपाटात गेली. पहिलं पान जैसलमेरला गेलं.

आणि प्रमाणपत्र? "हा प्रकल्प जुलैत संपतोय ना, मग निवांत करू."

ते सहा आठवडे कधीच उलटले, प्रमाणपत्र नाही, आणि पोरगा अजून त्याच खुर्चीत आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत तो तिथल्या हवामान केंद्राची नोंद उघडतो. भारतात तेव्हा दुपार उतरणीला लागलेली असते. मे महिन्यात एकदा त्याने मला फोन केला. "सत्तेचाळीस पूर्णांक दोन."

"काही झालं का तिथे?"

"कळायला मार्ग नाही. मला फक्त हवा दिसते, माणसं दिसत नाहीत."

गेल्या रविवारी तो एकटाच आला. नोकरीचा कुठलाच अर्ज लागलेला नाही. म्हणाला, "माझी सही आहे हो त्याच्यावर. साईटवरच्या भिंतीला ते पान चिकटवलं असेल. छत्तीस. मी तिथे फोन करून सांगितलं तर करारभंग. गप्प बसलो तर..." मग म्हणाला, "तुम्ही काही सही केलेली नाही. तुम्ही लिहा."

म्हणून लिहिलं. इथून मी शिव्या देऊ शकतो, पण वाळवंटातल्या त्या माणसांचा एकही नंबर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल. सोलापूरचा, बीडचा, नगरचा, तुमच्या घरातला, गल्लीतला कोणीतरी पवनचक्क्या उभारायला तिकडे गेलेला असेल. आज त्याला फोन लावा. भिंतीवरचा आकडा दुपारचा आहे की दिवसरात्रीच्या सरासरीचा, एवढं विचारायला सांगा, आणि सरासरीचा निघाला तर बारा ते चार टॉवरमध्ये जाऊ नकोस म्हणून बजावा.